फुप्फुसाच्या कर्करोगातील प्रथिने आणि आयुष्याचा अंदाज : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या माणसाच्या रक्तात किंवा गाठीत सापडणाऱ्या प्रथिनांवरून त्याच्या पुढच्या आयुष्याविषयी काय सांगता येते, आणि काय सांगता येत नाही, हा तो विषय. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. ही उत्तरे वाचून उपचारात परस्पर बदल करू नयेत. ती आपल्या डॉक्टरांशी नेमके काय बोलावे हे ठरवण्यासाठी वापरावीत.

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. त्यांना फुप्फुसाचा ॲडिनोकार्सिनोमा (फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार) असून तो चौथ्या टप्प्यात आहे, असे गेल्या महिन्यात कळले. रक्तातील सीईए ८६ आले आहे. सीईए जास्त असेल तर रुग्ण फार काळ जगत नाही, असे मी इंटरनेटवर वाचले. आईला मी अजून काही बोलले नाही. बाबांच्या हाती किती काळ आहे, हे या आकड्यावरून कळेल का? गाठीच्या जनुक-तपासणीचा रिपोर्ट यायचा आहे. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एकट्या सीईएवरून ते कळणार नाही, आणि जो रिपोर्ट अजून यायचा आहे तो या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाचा आहे.

सीईए हे प्रथिन १९६५ साली कॅनडातील माँट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा अभ्यास करताना शोधले. गर्भातील बाळाच्या आतड्यात ते भरपूर असते, जन्मानंतर त्याचे प्रमाण अगदी कमी होते, आणि काही कर्करोगांच्या पेशी ते पुन्हा तयार करू लागतात. निरोगी माणसाच्या रक्तात ते दर मिलिलिटरला साधारणपणे ५ नॅनोग्रॅमच्या आत असते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि यकृताच्या किंवा आतड्याच्या काही विकारांत ते कर्करोग नसतानाही काहीसे वाढलेले आढळते. फुप्फुसाच्या कर्करोगाचे मोठे रुग्णसमूह पाहिले, तर ज्यांचे सीईए सुरुवातीला जास्त होते ते एकंदरीत कमी जगले, हे आपण वाचलेले खरे आहे. परंतु त्यामागचे एक मोठे कारण असे की आजार जितका पसरलेला, तितके हे प्रथिन रक्तात जास्त उतरते. आपल्या वडिलांचा आजार पसरलेला आहे हे स्कॅनवरून आधीच कळलेले आहे. त्या माहितीत सीईएचा आकडा फार थोडी भर घालतो.

दुसरी गोष्ट इंटरनेटवरील त्या ओळीत सहसा नसते. ज्या ॲडिनोकार्सिनोमामध्ये ईजीएफआर नावाच्या जनुकात विशिष्ट बदल झालेला असतो, त्यांत सीईए अधिक वाढलेले सापडते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. हा बदल असलेल्या रुग्णांना गोळ्यांच्या रूपातील उपचार मिळू शकतात आणि ते पुष्कळदा केवळ किमो घेणाऱ्यांपेक्षा बरेच अधिक काळ जगतात. म्हणजे ज्या आकड्याने आपण घाबरला आहात, तोच आकडा तुलनेने चांगल्या उपचाराची संधी असलेल्या रुग्णांतही वाढलेला असू शकतो. वडिलांमध्ये तो बदल आहे की नाही, हे रिपोर्टच सांगेल. भारतातील ॲडिनोकार्सिनोमाच्या रुग्णांत हे प्रमाण सुमारे चारात एक असे आढळले आहे, म्हणून रिपोर्टची वाट पाहण्यात अर्थ आहे. बायोप्सीचा तुकडा तपासणीसाठी अपुरा पडल्याचे कळले, तर हा बदल रक्तातूनही शोधता येतो, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

आता ‘किती काळ’ या प्रश्नाविषयी. तो विचारण्यात काहीही गैर नाही, आणि त्याचे उत्तर टाळणे मला योग्य वाटत नाही. ईजीएफआर बदल असलेल्या, आजार पसरलेल्या रुग्णांना ओसिमर्टिनिब ही गोळी पहिल्यापासून दिली असता त्यांच्या आयुष्याचा मध्यक ३८.६ महिने आला, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसले. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ३५० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तुलनेने जुन्या आणि स्वस्त अशा गेफिटिनिब गोळीला किमोची जोड दिल्यावर, आजार पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यक काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्या अलीकडे आणि निम्मे पलीकडे; पलीकडच्या निम्म्यांतले काही फार दूरपर्यंत जातात. ३८.६ ही कोणा एका माणसाची मुदत नव्हे.

शिवाय असे आकडे नेहमी जुन्या रुग्णांचे असतात. कर्करोगाचे टप्पे ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीच्या आठव्या आवृत्तीत, पसरलेल्या आजाराच्या पहिल्या उपगटातील दहा टक्के रुग्ण पाच वर्षे जगले असे दिलेले असते, पण त्या रुग्णांचे निदान १९९९ ते २०१० या काळातले आहे. आजच्या गोळ्या आणि इम्युनोथेरपी (आपल्याच प्रतिकारशक्तीला कर्करोगावर हल्ला करू देणारी औषधे) त्यांतील बहुतेकांना मिळालेल्याच नव्हत्या.

सीईएचा उपयोग नाही, असे मात्र समजू नये. ८६ हा सुरुवातीचा आकडा जपून ठेवावा. उपचार सुरू झाल्यावर त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने ते पुन्हा मोजले आणि उतरत गेले, तर ते उपचार लागू पडत असल्याचे एक चिन्ह असते. ते वाढले, तर केवळ त्यावरून औषध बदलत नाहीत. स्कॅन करून खात्री केली जाते. आणि आईशी बोलण्यापूर्वी रिपोर्ट हाती येऊ द्यायचा असेल तर हरकत नाही, पण तो आल्यावर डॉक्टरांकडे दोघींनी मिळून जावे, ही माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. पुढच्या उपचाराचा भार आईवरच अधिक येणार आहे, आणि त्यांना अर्धवट माहिती देऊन तो पेलायला लावणे योग्य होणार नाही.

प्रश्न : आईच्या रिपोर्टमध्ये पीडी-एल१ ६० टक्के आणि ईजीएफआर पॉझिटिव्ह असे दोन्ही आले आहे. एका नातेवाइकांनी सांगितले की ६० टक्के म्हणजे फारच उत्तम, लगेच इम्युनोथेरपी सुरू करा. डॉक्टर मात्र गोळी देऊ म्हणतात. आम्ही गोंधळलो आहोत. — एक वाचक, पुणे

उत्तर : डॉक्टरांचे म्हणणे योग्य आहे, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

आधी तो आकडा. पीडी-एल१ हे कर्करोगाच्या पेशींच्या आवरणावरचे प्रथिन असून त्याच्या आधारे त्या पेशी आपल्या प्रतिकारशक्तीचा हल्ला थोपवतात. बायोप्सीच्या पातळ कापावर विशिष्ट प्रतिपिंडाचा (ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या रेणूचा) रंग चढवून, निदान शंभर कर्करोग-पेशींपैकी किती पेशींच्या आवरणावर तो रंग दिसतो, हे पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आपल्या आईच्या तुकड्यात ते प्रमाण ६० टक्के आहे, एवढाच त्याचा अर्थ. बरे होण्याची शक्यता ६० टक्के, असा तो नाही. नातेवाइकांच्या बोलण्यावरून त्यांची अशीच समजूत झाली असावी, आणि ही समजूत फार सर्रास आढळते.

या प्रथिनाला मान मिळाला तो २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कीनोट-०२४ या चाचणीमुळे. ज्यांच्या गाठीत पीडी-एल१ ५० टक्के किंवा अधिक होते अशा ३०५ रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध किंवा किमो देण्यात आले. पाच वर्षांनंतर पहिल्या गटातील ३१.९ टक्के रुग्ण जिवंत होते, दुसऱ्या गटातील १६.३ टक्के, दुसऱ्या गटातील अनेकांना पुढे इम्युनोथेरपी मिळूनही हा फरक राहिला. पसरलेल्या फुप्फुस-कर्करोगाच्या इतिहासात हा मोठा टप्पा होता. पण त्या चाचणीत ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांचे बदल असलेल्या रुग्णांना घेतलेच नव्हते. नंतरच्या अनुभवातून दिसले की ईजीएफआर बदल असलेल्या गाठी पीडी-एल१ भरपूर असूनही केवळ इम्युनोथेरपीला फारशी दाद देत नाहीत.

येथे खुणांचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. काही खुणा कोणताही उपचार दिला तरी आजार साधारण कसा वागेल याचा अंदाज देतात. काही खुणा अमुक औषध लागू पडेल की नाही हे सांगतात. रुग्णाला आयुष्य वाढवून देतात त्या दुसऱ्या प्रकारच्या खुणा, कारण त्यांच्यावरून निर्णय बदलतो. २००९ सालच्या आयपास चाचणीने हे स्पष्ट दाखवले: ईजीएफआर बदल असणाऱ्यांत गेफिटिनिबने आजार किमोपेक्षा अधिक काळ आटोक्यात ठेवला, आणि बदल नसणाऱ्यांत तीच गोळी किमोपेक्षा वाईट ठरली. आपल्या आईच्या रिपोर्टमधील दोन खुणांपैकी ईजीएफआरचे वजन म्हणूनच अधिक आहे.

घाई न करण्याचे आणखी एक कारण सुरक्षिततेचे आहे. आधी इम्युनोथेरपी देऊन लगोलग ओसिमर्टिनिब सुरू केल्यास फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो, असे आढळले आहे. म्हणजे ‘दोन्ही देऊन पाहू’ हा येथे निरुपद्रवी पर्याय नाही. नातेवाइकांना हे नम्रपणे सांगावे.

प्रश्न : मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. ‘फुप्फुसाच्या कर्करोगात रुग्ण किती जगेल हे सांगणारे नवे प्रथिन सापडले’ अशी बातमी दर काही महिन्यांनी येते. मग ही प्रथिने रुग्णालयांत का वापरली जात नाहीत? औषध कंपन्यांना ती नको आहेत का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : कारण बहुतेक वेळा याहून साधे आहे: त्यांतील बहुतेक प्रथिने दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या रुग्णांत पुन्हा तपासली असता टिकत नाहीत. आपण विज्ञान शिकवता, म्हणून एक उदाहरण सविस्तर देतो. या क्षेत्रातील सर्वांनी ते लक्षात ठेवावे असे मला वाटते.

ईआरसीसी१ हे प्रथिन डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे. सिस्प्लॅटिन हे किमोचे औषध डीएनएला इजा करून कर्करोगाची पेशी मारते. तेव्हा ज्या गाठीत दुरुस्ती करणारे प्रथिन नाही तिच्यावर सिस्प्लॅटिन अधिक चालावे, हा तर्क सरळ होता. २००६ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात, फ्रेंच संशोधकांच्या पुढाकाराने झालेला ७६१ गाठींचा अभ्यास आला आणि तर्क खरा ठरल्यासारखा दिसला: शस्त्रक्रियेनंतर सिस्प्लॅटिनवर आधारित किमो दिल्याचा फायदा ईआरसीसी१ नसलेल्यांना झाला, असलेल्यांना झाला नाही. गंमत अशी की किमो न घेतलेल्या रुग्णांत चित्र उलटे होते. तेथे ईआरसीसी१ असलेलेच अधिक जगले. वर सांगितलेल्या दोन्ही प्रकारच्या खुणा एकाच प्रथिनात, आणि त्याही परस्परविरुद्ध दिशांना. रुग्णांची किमो या प्रथिनावरून ठरवण्याच्या चाचण्या जगभर सुरू झाल्या.

२०१३ साली त्याच संशोधकांच्या गटाने, अन्य दोन चाचण्यांतील ४९४ रुग्णांच्या नमुन्यांवर तीच तपासणी केली, तेव्हा निष्कर्ष जुळला नाही. त्यांनी मूळ अभ्यासातील ५८९ नमुनेसुद्धा पुन्हा रंगवून पाहिले, आणि पहिल्या वेळचे निकाल त्यांच्यातही पुन्हा आले नाहीत. ईआरसीसी१ ओळखण्यासाठी दोन्ही वेळी वापरलेले ८एफ१ हे प्रतिपिंड त्याच नावाने बाजारात होते, परंतु त्याचे वर्तन बदलले होते. पुढे अधिक मूलभूत अडचण समोर आली: या प्रथिनाची चार रूपे असतात, डीएनएची दुरुस्ती पूर्णपणे करू शकणारे त्यांतील एकच, आणि बाजारात उपलब्ध असलेल्या सोळा प्रतिपिंडांपैकी एकालाही ते एक रूप इतरांपासून वेगळे ओळखता येत नव्हते. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाची अशी कठोर फेरतपासणी करून ती जाहीर करणाऱ्या त्या संशोधकांविषयी मला अतिशय आदर आहे. ते गप्प राहिले असते, तर पुष्कळ रुग्णांचे उपचार भरवसा ठेवता न येणाऱ्या एका रंगावरून ठरत राहिले असते.

संख्याशास्त्राचीही एक बाजू आहे, आणि ती आपण विद्यार्थ्यांना सहज समजावू शकाल. शंभर रुग्णांच्या रक्तात हजार प्रथिने मोजली आणि वीसात एक ही योगायोगाची नेहमीची मर्यादा धरली, तर एकाही प्रथिनाचा आयुष्याशी संबंध नसला तरी सुमारे पन्नास प्रथिने ‘महत्त्वाची’ दिसतील. त्यात ‘जास्त’ आणि ‘कमी’ यांची सीमारेषा निकाल पाहून आखली, की ती आणखी ठळक होतात. रक्त काढल्यावर ते किती वेळ तसेच पडून होते आणि किती वेळा गोठवून वितळवले, यानेही काही प्रथिनांचे प्रमाण बदलते. अशा अभ्यासांत काय काय नोंदवलेच पाहिजे याची रिमार्क नावाची नियमावली २००५ पासून उपलब्ध आहे; ती काटेकोरपणे पाळली जात नाही, ही खेदाची बाब आहे.

टिकलेली प्रथिनेही आहेत. सायटोकेराटिन १९ या प्रथिनाचा सायफ्रा २१-१ हा तुकडा रक्तात मोजतात. नऊ केंद्रांतील २,०६३ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात, टप्पा आणि रुग्णाची प्रकृती लक्षात घेऊनही, तो जास्त असलेले रुग्ण कमी जगले, असे २००४ साली दिसले. हा निष्कर्ष भक्कम आहे. तरी त्यावरून उपचार बदलत नाही, म्हणून तो रोजच्या वापरात मागे राहिला. काही खुणा खऱ्या ठरूनही काळाने मागे पडतात. रक्तातील प्रथिनांचा वस्तुमान-वर्णपट काढून रुग्णांचे ‘चांगला’ आणि ‘वाईट’ असे दोन गट पाडणारी व्हेरिस्ट्रॅट ही तपासणी इटलीतील प्रोज चाचणीत २०१४ साली यशस्वी ठरली. ‘वाईट’ गटात एर्लोटिनिब या ईजीएफआरविरोधी गोळीपेक्षा किमो सरस, असे तिने दाखवले. थोड्याच काळात इम्युनोथेरपी आली, ईजीएफआर बदल नसलेल्यांना ती गोळी देणेच मागे पडले, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर ही तपासणी देत होती तो प्रश्नच उरला नाही.

औषध कंपन्यांविषयी म्हणाल, तर ज्या प्रथिनामुळे त्यांचे औषध विकले जाते त्याच्यावर त्या भरपूर खर्च करतात आणि इतरांवर करत नाहीत, हे खरे आहे. त्यामुळे सायफ्रासारख्या खुणांचा अभ्यास सार्वजनिक निधीतूनच व्हायला हवा, असे माझे मत आहे.

प्रश्न : माझे वय ४८ असून मी वीस वर्षे सिगारेट ओढतो. एका प्रयोगशाळेच्या पॅकेजमध्ये ‘कॅन्सर मार्कर’ सवलतीत मिळत आहेत. करून घेऊ का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : करू नये. सुरुवातीच्या, शस्त्रक्रियेने बरा होऊ शकणाऱ्या कर्करोगात ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून मोजली जाणारी प्रथिने पुष्कळदा सामान्यच असतात, आणि सिगारेटमुळे सीईए थोडे वाढून आपण विनाकारण स्कॅनच्या फेऱ्यांत अडकाल. लक्षणे नसलेल्या, दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या माणसांत मृत्यू कमी झाल्याचे सिद्ध झाले आहे ते कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने. २०११ सालच्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत साध्या एक्स-रेच्या तुलनेत फुप्फुस-कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. त्या चाचणीत ५५ ते ७४ वयाची माणसे होती, आणि आपल्याकडे जुन्या क्षयाचे व्रण फुप्फुसात वारंवार सापडत असल्याने तो स्कॅनही छातीच्या डॉक्टरांना विचारूनच करावा. पॅकेजचे पैसे सिगारेट सोडवणाऱ्या उपचारावर खर्च केलेत तर मला आनंद होईल. खोकल्यातून रक्त, न थांबणारा खोकला किंवा घटणारे वजन यांपैकी काही असेल, तर मात्र आजच डॉक्टरांकडे जावे. आणि क्षयाची औषधे सुरू करूनही बरे वाटले नाही, तर बायोप्सीचा विषय स्वतःहून काढावा. आपल्या देशात फुप्फुसाच्या कर्करोगाचे कितीतरी रुग्ण क्षयाच्या औषधांत मोलाचे महिने गमावतात.

प्रश्न : माझ्या यजमानांना स्मॉल सेल प्रकारचा कर्करोग आहे. किमोच्या दोन फेऱ्यांनंतर स्कॅन चांगला आला, पण परवाच्या तपासणीत एनएसई एकदम दुप्पट निघाले. अल्ब्युमिनही २.९ वर आले आहे. प्रोटीन पावडर देते, तरी ते वाढत नाही. आजार उलटला का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : लगेच तसे समजू नका. एनएसई हे प्रथिन स्मॉल सेल कर्करोगाच्या पेशींत असते, तसेच ते रक्तातील लाल पेशींतही असते. रक्त काढताना किंवा प्रयोगशाळेत नेताना लाल पेशी फुटल्या, तर कर्करोग वाढलेला नसतानाही हा आकडा वर जातो. नमुन्यात लाल पेशी फुटल्या होत्या का, हे प्रयोगशाळेला विचारावे आणि तपासणी त्याच ठिकाणी पुन्हा करून घ्यावी. याच आजारात प्रो-जीआरपी हे दुसरे प्रथिन मोजतात. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर ते खोटे वाढते, म्हणून क्रिएटिनिन सोबत पाहतात. दुसऱ्यांदाही एनएसई वाढलेलेच आले, तर पुढचा स्कॅन ठरल्या तारखेच्या आधी करण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे.

अल्ब्युमिनकडे मात्र मी अधिक लक्ष देईन. हे अगदी साधे, स्वस्तात मोजले जाणारे प्रथिन आयुष्याच्या अंदाजात पुष्कळ नव्या प्रथिनांपेक्षा विश्वासार्ह ठरले आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील संशोधकांनी २००३ साली, शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या नॉन-स्मॉल सेल (म्हणजे स्मॉल सेल सोडून फुप्फुस-कर्करोगाच्या इतर प्रकारांच्या) रुग्णांत, सीआरपी हे दाह दाखवणारे प्रथिन लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर आणि अल्ब्युमिन डेसिलिटरला ३.५ ग्रॅमच्या खाली, या दोनच गोष्टींवरून रुग्णांचे तीन गट पाडले, आणि दोन्ही बिघडलेले रुग्ण सर्वांत कमी जगले. पुढे इतर अनेक कर्करोगांतही असेच दिसले. शरीरात दाह चालू असला की यकृत सीआरपी भराभर तयार करते आणि अल्ब्युमिनची निर्मिती कमी करते. म्हणूनच आपण मनापासून देत असलेल्या पावडरने ते वाढत नाही, आणि त्यात आपले काही चुकलेले नाही. पावडर बंद करण्याचे कारण नाही, पण दाहाचे मूळ शोधायला हवे. ते कर्करोगात असू शकते, तसेच दडलेल्या संसर्गातही असू शकते, आणि किमोच्या काळात संसर्गावर ताबडतोब उपचार लागतात.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना सीआरपी तपासायला सांगावे, आणि गेल्या तीन महिन्यांतील वजन, ताप, तोंड येणे, जेवण किती जाते आणि दिवसातला किती वेळ ते अंथरुणावर असतात, हे एका कागदावर लिहून न्यावे. रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा (त्रास कमी करणाऱ्या उपचारांचा) विभाग असेल तर त्याची चिठ्ठी आत्ताच मागावी. तो विभाग केवळ अखेरच्या दिवसांसाठी असतो, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेतील बॉस्टन येथे पसरलेल्या नॉन-स्मॉल सेल कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, निदानापासूनच ही सेवा मिळालेल्यांच्या आयुष्याचा मध्यक ११.६ महिने आला, न मिळालेल्यांचा ८.९ महिने, आणि पहिल्या गटाचे दिवस अधिक सुसह्य गेले. यजमानांचा प्रकार वेगळा असला तरी भूक, वेदना, झोप आणि अशक्तपणा यांवरचे उपचार त्यांनाही तितकेच लागू पडतात.